आधी उतार पाहा, मग परवाना द्या

प्रति,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका, सोलापूर

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी: नगररचना विभाग, बांधकाम परवाना विभाग, नगर अभियंता आणि मा. जिल्हाधिकारी, सोलापूर

विषय: जुन्या वसाहतींतील नवी बांधकामे, प्लॉटवरील भरणा आणि बुजवलेले ओढे यांमुळे साचणारे पावसाचे पाणी व होणारी जमिनीची धूप याबाबत मागणीपत्र.

महोदय,

सोलापुरात पाऊस पडतोच किती, असे आम्हाला प्रत्येक टेबलावर ऐकवले जाते. प्रश्न खरा आहे. पर्जन्यछायेतला जिल्हा, उन्हाळ्यात टँकर, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. अशा गावात पाणी जास्त झाल्याची तक्रार घेऊन कोणी आले, तर समोरच्याला हसू येणारच. पण आमचा पाऊस कसा पडतो ते शेतकऱ्याला विचारावे. जून-जुलैत तो तोंड दाखवून जातो. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत मात्र एखाद्या संध्याकाळी महिन्याचा पाऊस दोन तासांत ओतून मोकळा होतो. रब्बीची ज्वारी ज्या पावसावर येते, त्याच पावसात शहरातल्या बोळांतून दुचाकी वाहून जातात. वर्षाची सरासरी कागदावर कितीही कमी असली, तरी गटारीला त्या दोन तासांचेच पाणी वाहून न्यायचे असते.

म्हणून आधी साधा हिशेब मांडतो, कारण पुढच्या सगळ्या मागण्या त्यावरच उभ्या आहेत. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. त्यावर 50 मिलिमीटर पाऊस पडला की 5 हजार लिटर पाणी होते. सोलापूरकराच्या भाषेत, एक छोटा टँकर. दहा गुंठ्यांच्या मोकळ्या, गवत वाढलेल्या जागेवर असे दहा टँकर पडले, तर त्यातले सात-आठ टँकरभर पाणी जमीन पिते किंवा खड्ड्यांत अडवून धरते, असे मानू. माती आणि उतार यांप्रमाणे हे प्रमाण बदलेल, आणि आधीच भिजून बसलेल्या काळ्या जमिनीवर ते बरेच कमीही असेल. त्याच दहा गुंठ्यांवर इमारत, पार्किंग आणि चहूबाजूंनी गट्टू बसले की दहातले नऊ टँकर कंपाउंडच्या बाहेर पडतात. एका परवान्यामागे सहा टँकर पाण्याची भर, तीही एकाच तासात. रस्त्याकडेची गटार तीच, तीस वर्षांपूर्वी बंगल्यांच्या वसाहतीसाठी बांधलेली. त्या गल्लीत असे पाच परवाने दिले गेले, तर तीस टँकर कुठे जाणार हे पाचांपैकी एकाही फाइलवर लिहिलेले नसते.

आमचे म्हणणे एवढेच आहे. परवाना एकेका प्लॉटचा निघतो, पाणी मात्र उताराने जाते. फाइलवर चटईक्षेत्राचा हिशेब असतो, सामासिक अंतरांचा असतो, पार्किंगचा असतो, प्रीमियमचा तर अगदी पैशापर्यंत असतो. पाण्याचा हिशेब नसतो.

एक गोष्ट इथेच वेगळी काढतो. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला जो महापूर आला, ज्यात माढा-मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंतची गावे बुडाली आणि पुणे महामार्ग लांबोटीजवळ बंद ठेवावा लागला, तो वरच्या धरणांच्या आणि नदीखोऱ्याच्या पाण्याचा पूर होता. त्याचे दुःख मोठे आहे आणि त्याची कारणे वेगळी आहेत. त्याच महिन्यात शहरातल्या सखल वस्त्यांमध्येही पाणी शिरले. त्यातले बरेचसे पाणी बाहेरून आलेले नव्हते. ते आपल्याच स्लॅबवरचे होते. सीनेच्या पुराला हात लावणे महापालिकेच्या हाती नसेल, स्लॅबवरच्या पाण्याचे तसे नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये गटारांची बांधणी, देखभाल आणि सफाई हे बंधनकारक कर्तव्य आहे. सवड मिळाल्यास करायच्या कामांच्या यादीत ते नाही.

आता भरण्याविषयी. या मागणीपत्राचा मूळ धागा तोच आहे आणि त्यावर आम्ही थोडे सविस्तर बोलणार आहोत.

5 मे 1992 रोजी हद्दवाढ झाली आणि सुमारे 33 चौरस किलोमीटरचे शहर सुमारे 178 चौरस किलोमीटरचे झाले. बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी, शेळगी अशी गावे शहरात आली. त्यांच्या शिवारात ले-आउट पडले, बंगले झाले, मध्ये मध्ये प्लॉट मोकळे राहिले. जुन्या गावठाणाकडे मिलच्या जागांवर वसाहती उठल्या. आज शहर बाहेर पसरते आहेच, पण जास्त वेगाने ते आतल्या आत भरते आहे. मोकळा राहिलेला प्लॉट विकला जातो. जुना बंगला पाडून चार मजले चढतात. आणि काम सुरू होण्याआधी पहिली गोष्ट येते ती मुरमाचा डंपर.

आमच्या सभासदांपैकी एका सोसायटीचे उदाहरण देतो. नाव लिहीत नाही, कारण हे गल्लोगल्ली घडते आहे आणि एकाला बोट दाखवून ते थांबणार नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचा बैठा बंगला. तेव्हा त्याचा जोता रस्त्यापेक्षा दोन फूट उंच होता. शेजारचा मोकळा प्लॉट एक फूट खोलगट होता आणि गल्लीतले अर्धे पाणी तिथे साचून दोन दिवसांत जिरत असे. तो प्लॉट गेला. नव्या मालकाने, त्याच्या दृष्टीने अगदी शहाणपणाने, तीन फूट मुरूम भरला, रोलर फिरवला आणि त्यावर जोता घेतला. त्याचे घर कोरडे राहिले. आता त्या प्लॉटवर पूर्वी थांबणारे पाणी आणि त्याच्या स्लॅबवरचे नवे पाणी, दोन्ही भिंतीला लागून बंगल्याच्या अंगणात उतरते. बंगलेवाल्याने काय करावे? त्याने दारात नऊ इंचाचा बांध घातला. मग ते पाणी तिसऱ्याकडे गेले. तिसरे घर एका विधवा शिक्षिकेचे होते. बांध घालायला तिच्याकडे पैसे नव्हते. तिने दरवर्षी हस्त लागला की फ्रिज पलंगावर ठेवायला सुरुवात केली.

यात बेकायदा काहीही नाही, हेच आम्हाला सर्वांत खटकते. नकाशा मंजूर, जोते तपासणी झालेली, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले. जोते तपासणीत सामासिक अंतरे मोजली गेली. उंची कोणी मोजली नाही, आणि शेजाऱ्याच्या अंगणापासूनची उंची तर नाहीच नाही.

कायद्याला ही गोष्ट नवी नाही. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 7 खालचे उदाहरण सांगते, की वरच्या जमिनीवर नैसर्गिकरीत्या पडलेले, ठराविक पात्र नसलेले पाणी खालच्या जमिनीवर वाहू देणे खालच्या मालकाला भाग आहे. नैसर्गिकरीत्या, हा शब्द महत्त्वाचा. कालपर्यंत खाली असलेली जमीन डंपरने वर उचलायची, पत्र्याचे पाइप लावून सगळे पाणी एका कोपऱ्यात आणायचे आणि ते शेजाऱ्याच्या भिंतीशी सोडायचे, याला नैसर्गिक म्हणता येणार नाही. पण त्यासाठी प्रत्येक शेजाऱ्याने दिवाणी दावा लावायचा आणि दहा वर्षे तारखा करायच्या, हा काही नागरी प्रशासनाचा मार्ग नव्हे.

म्हणून आमची पहिली मागणी. बांधकाम परवान्याच्या अर्जासोबत प्लॉटची सध्याची पातळी, प्रस्तावित भरण्यानंतरची पातळी, समोरच्या रस्त्याच्या मध्यभागाची पातळी आणि लगतच्या सर्व प्लॉटांच्या पातळ्या दाखवणारा नकाशा सक्तीचा करावा. शेतात बांध-बंदिस्ती करताना जे लेव्हल मशीन लावतात, तेच इथे लावायचे आहे. सर्वेक्षकाचे अर्ध्या दिवसाचे काम. जोते तपासणीच्या वेळी या पातळ्या पुन्हा मोजाव्यात आणि मंजुरीपेक्षा जास्त भरणा आढळल्यास पुढचे काम थांबवावे. भरणा करायचाच असेल तर प्लॉटच्या हद्दीच्या आत चर काढून पाणी सार्वजनिक गटारीपर्यंत नेण्याची जबाबदारी भरणा करणाऱ्याची. भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी ही चर पाणी ओतून तपासावी. बादलीभर पाणी पुरेल.

दुसरी मागणी महापालिकेच्या स्वतःच्या कामाबद्दल आहे, कारण भरणा फक्त खासगी माणसे करतात असे नाही. रस्ताही दरवेळी वर येतो. डांबराच्या जुन्या थरावर नवा थर, त्यावर काँक्रीट. जानेवारी 2016 मध्ये सोलापूर स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आले, त्याचा आम्हाला आनंदच झाला होता. नंतर शहरभर काँक्रीटचे रस्ते झाले. कित्येक ठिकाणी दुकानांच्या पायऱ्या रस्त्याखाली गेल्या, जुन्या पेठांत तर उंबरठा ओलांडून आत खाली उतरावे लागते. यापुढे कोणताही रस्ता करताना जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकू नये, रस्त्याची अंतिम पातळी दोन्ही बाजूंच्या घरांच्या जोत्यांपेक्षा खाली राहील हे अंदाजपत्रकातच दाखवावे, आणि ते शक्य नसेल तिथे आधी गटार, मग रस्ता असा क्रम ठेवावा. ठेकेदाराचे अंतिम देयक निघण्याआधी एका पावसाचे निरीक्षण जोडावे, हे आम्ही थोडे हट्टानेच मागतो आहोत.

आता ओढे. आदिला नदीला आज सगळे आदिला नाला म्हणतात. नाव बदलले तिथेच तिचे काय होणार ते ठरले. ब्रिटिश काळात, 1871 च्या सुमारास, या आदिलेवर एकरूखचा तलाव बांधला गेला, ज्याला आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो. तो भरून सांडला की पाणी आदिलेतूनच शहराच्या अंगाने सीनेकडे जाते. म्हणजे हे सांडव्याचे पाणी वाहून नेणारे पात्र आहे, कोरडे पडले म्हणून फुकटची जागा नव्हे. तिला मिळणारे लहान ओढे, शिवारातले ओघळ, बांधांमधून जाणारे पाणंदीकडेचे चर यांची स्थिती आणखी वाईट. शेत अकृषिक झाले, ले-आउट पडला, आणि ओघळ सातबाऱ्यावर नव्हता म्हणून तो नकाशावरही आला नाही. त्यावर तीन गुंठ्यांचे चार प्लॉट पडले. घेणाऱ्याला कोण सांगणार? त्याला पहिल्या हस्तात कळते.

ओढा पूर्ण बुजवला नाही, नुसता अरुंद केला, तरी काय होते ते सांगायला हवे. धूप तिथून सुरू होते. दोन्ही बाजूंनी संरक्षक भिंती घालून पंधरा फुटांचा ओढा सहा फुटांवर आणला, की तेवढेच पाणी त्या अरुंद जागेतून वेगाने सुटते. भिंत संपते तिथे ते समोरच्या काठावर आदळते. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम. काळी माती भिजली की फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात, आणि त्या भेगांतून पाणी आत शिरले की काठ ढेकळाढेकळाने कोसळतो. खालच्या बाजूची पत्र्याची घरे, स्मशानभूमीची भिंत, नळकांडी पुलाचा भराव, सगळे हळूहळू आत ओढले जाते. तो वाहून गेलेला मुरूम पुढच्या पुलाच्या पाइपात बसतो आणि मग पाणी पुलावरून जाते. वरच्याने भिंत घातली, खालच्याचा काठ गेला, त्याच्या खालच्याचा पूल तुंबला. तिघांच्या तक्रारी तीन वेगळ्या विभागांत पडून असतात.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने हेच दाखवले. तो लहानसा ओढा, पण त्याला जागा राहिली नव्हती. सीमाभिंती पडल्या, घरे आणि गाड्या वाहिल्या, माणसे दगावली. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 मध्ये शहरी पुरासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, केंद्राने 2019 मध्ये पर्जन्यजल निचऱ्याची नियमपुस्तिका दिली. कागद कमी नाहीत. आमच्या गल्लीपर्यंत ते आलेले नाहीत.

तिसरी मागणी त्यामुळे अशी. जुने गाव नकाशे, भूमी अभिलेखच्या मोजणी नोंदी आणि उपग्रह चित्रे एकत्र करून शहरातील सर्व ओढे, नाले, ओघळ यांचा नकाशा तयार करावा. हद्दवाढ भागातील जुन्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन तो जागेवर पडताळावा. कुठल्या बांधाला पाणी फुटायचे हे त्यांना डोळे मिटून सांगता येते, आणि ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. नकाशा विकास आराखड्यात घ्यावा. एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत जलप्रवाहापासून सोडायचे अंतर दिलेलेच आहे, पण प्रवाह नकाशावर नसेल तर अंतर मोजायचे कुठून? ओढ्याचा मार्ग वळवण्याचे किंवा त्यावर स्लॅब टाकण्याचे अर्ज यापुढे खालच्या बाजूच्या रहिवाशांची सुनावणी घेतल्याशिवाय मंजूर करू नयेत.

चौथी मागणी पाण्याच्या मर्यादेची. सिंगापूरने जानेवारी 2014 पासून 0.2 हेक्टर आणि त्याहून मोठ्या नव्या बांधकामांना पावसाचे पाणी आवारातच थोपवून हळूहळू सोडण्याची सक्ती केली. 0.2 हेक्टर म्हणजे साधारण वीस गुंठे. आमच्याकडे नियमावलीने 500 चौरस मीटर व त्यावरील भूखंडांना पर्जन्यजल संधारण सक्तीचे केले आहे, म्हणजे जवळपास पाच गुंठ्यांना. हा नियम चांगला आहे. पण सोलापूर भरते आहे ते एक, दोन, तीन गुंठ्यांच्या तुकड्यांनी. ते सगळे या जाळीतून सुटतात. लहान प्लॉटला मोठ्याइतका खर्च लावू नये, हे आम्हालाही मान्य आहे. त्याच्यासाठी गल्लीने मिळून एक शोषखड्डा किंवा ले-आउटच्या खुल्या जागेत पाणी थांबवण्याचा खोलगट भाग, असा सामाईक मार्ग काढावा आणि परवाना शुल्कातील काही हिस्सा त्यासाठी वेगळा ठेवावा. खुल्या जागांवर काँक्रीटची सभागृहे आणि गट्टूंचे चौथरे बांधणे मात्र आधी थांबवावे. त्या जागा गल्लीचे पाणी पिऊ शकतात.

दहा गुंठ्यांवरील इमारतींनी बांधकामापूर्वी जेवढे पाणी बाहेर जात होते, तेवढेच नंतर जाईल इतकी टाकी आवारात करावी. बिल्डर खर्चाची ओरड करतील. पण नळ चार-पाच दिवसांआड येतो म्हणून याच इमारतींत जमिनीखाली पिण्याच्या पाण्याच्या हजारो लिटरच्या टाक्या आजही बांधल्या जातात, तेव्हा कोणी ओरडत नाही.

शोषखड्ड्याच्या ठरावीक नमुन्याबद्दलही एक गोष्ट. परवान्याच्या नकाशावर कोपऱ्यात एक गोल काढलेला असतो, आणि साधारण तेवढ्यावरच संधारण झाले असे मानले जाते. काळ्या मातीत खणलेला खड्डा पहिल्या पावसात फुगून बंद होतो आणि वर्षभर डास पाळतो. खड्डा काळी माती ओलांडून मुरमापर्यंत गेला पाहिजे, पायापासून पुरेसा लांब पाहिजे, आणि त्यात दगडगोटे भरले आहेत की नाही हे झाकण घालण्याआधी पाहिले पाहिजे. तपासणीची तारीख आणि छायाचित्र फाइलला लावावे.

उरलेल्या दोन मागण्या थोडक्यात. बांधकामाचा मुरूम, वाळू आणि खोदलेली माती रस्त्यावर टाकल्यास जून ते ऑक्टोबर या काळात दंड करावा आणि साठा आवारातच, भोवती पोती रचून ठेवणे सक्तीचे करावे. चेंबर तुंबायला प्लॅस्टिकइतकीच ही वाळू कारण आहे. आणि छपराचे पावसाचे पाणी मैलावाहिनीच्या चेंबरला जोडण्यास कडक बंदी करावी. पाऊस आला की झाकणे उडतात आणि मैला अंगणात येतो, तो या जोडण्यांमुळे.

गुंठेवारीतल्या घरांबद्दल आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे. 2001 च्या गुंठेवारी कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना नियमित होण्याची वाट मिळाली. विडी वळणारी, यंत्रमागावर राबणारी, टॉवेलच्या कारखान्यात जाणारी कुटुंबे या भागात राहतात. नोटरीच्या कागदावर प्लॉट घेताना त्यांना कोणी ओघळ दाखवला नव्हता. या मागणीपत्राचा आधार घेऊन उद्या पहिला जेसीबी त्यांच्या दारात उभा राहिला, तर आम्ही त्याच्या आडवे येऊ. सुरुवात नव्या मोठ्या परवान्यांपासून करा. ओढ्याच्या पात्रातलीच घरे हलवणे अटळ असेल तिथे पर्याय कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याइतका जवळ द्या, आणि नियमितीकरणातून जमा झालेले विकास शुल्क त्याच वसाहतीच्या गटारींवर खर्च झाल्याचा हिशेब प्रभागात लावा.

आम्ही स्वतःही निर्दोष नाही. आमच्याच सभासदांनी गाडी चढवायला गटारीवर रॅम्प टाकले आहेत, अंगणात झाडाच्या बुंध्यापर्यंत फरशी नेली आहे. छपराचा पाइप मैलावाहिनीला जोडणारेही आमच्यात आहेत, आणि त्यातल्या दोघांनी या पत्रावर सही केली आहे. येत्या मेअखेर आमच्या भागातील सर्व रॅम्प काढता येतील असे लोखंडी जाळीचे करू आणि गल्लीतील गटारींचा गाळ श्रमदानाने काढू, असा ठराव आम्ही केला आहे. ज्या गावाच्या ग्रामदैवताने, शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी, बाराव्या शतकात लोकांच्या श्रमातून तळे उभे केले, तिथे हे काही फार मोठे काम नव्हे. मात्र काढलेला गाळ उचलायला डंपर महापालिकेने द्यावा. मागच्या वेळी तो काठावरच राहिला आणि पहिल्या पावसात परत गटारीत गेला.

या मागण्यांवर तीस दिवसांच्या आत नगररचना, बांधकाम परवाना आणि अभियांत्रिकी या तिन्ही विभागांच्या अधिकाऱ्यांसह संयुक्त बैठक घ्यावी आणि पहिली पाहणी आमच्या भागातील पाच ठिकाणी करावी. ठिकाणांची यादी, पाणी साचल्याच्या तारखा आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत. पाहणी शक्यतो पाऊस चालू असताना व्हावी. छत्र्या आमच्याकडे आहेत.

आपले विश्वासू,
हद्दवाढ भागातील गृहनिर्माण संस्था, बैठ्या वसाहती आणि गुंठेवारी रहिवाशांच्या संघटनेच्या वतीने
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद